खारा हात

५ मार्च

आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्यालाही. तुझी लेक, आमची ताई, म्हणते की घरात हल्ली हुकूम त्याचाच चालतो.

आधी फोन करणार होतो. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायला सुचत नाही. दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकत बसण्यापेक्षा पत्र बरं. शिवाय पत्रात खोडता येतं. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखन सोडायचं नाही असं ठरवलं आहे. चूक दिसली तर कळव, फूटपट्टी हे नाव तूच ठेवलं आहेस.

मी आता चौथ्या गॅरेजमध्ये आहे. पहिल्या तिघांनी का काढलं ते घरात सगळ्यांना पाठ आहे: हात चांगला, पण गाडी हातातून सुटत नाही. मागच्या ठिकाणी एका स्कूटरच्या मडगार्डवर मी एकोणीस दिवस घेतले. गिऱ्हाईक रोज येऊन बघून जायचा. विसाव्या दिवशी तो ते मडगार्ड तसंच काखोटीला मारून निघून गेला.

इथले मालक आवाजाने मोठे आहेत, मनाने वाईट नाहीत. दिवसातून चाळीस वेळा "सोड आता!" म्हणतात. (चाळीस हा अंदाज आहे, मोजलेलं नाही.) रंगाच्या शेडमधला जुना पेंटर काम सोडून गेला, तेव्हा त्यांनी मला एक गाडी दिली. म्हणाले, "ही तीस तारखेला रंगवून बाहेर निघाली तर शेड तुझी. नाही निघाली तर तू निघ."

गाडी म्हणजे गुरांच्या डॉक्टरीणबाईंची बावीस वर्षांची व्हॅन. एकतीस तारखेपासून त्यांची लस टोचायची फेरी सुरू होते, म्हणून तीस. इंजीन ठणठणीत आहे, अंगावर मात्र गंजाचे डाग. मी प्रत्येक डागाभोवती निळ्या खडूने गोल काढून नंबर टाकला. एकतीस झाले. मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही गाडी आहे की कांजिण्या झालेलं पोर? पुट्टी थाप आणि रंग मार."

मी "नाही" म्हणालो. गंजावर थापलेली पुट्टी सहा महिन्यांत फुगते आणि रंगासकट गळून पडते, हे मी तीन गॅरेजांत पाहिलं आहे. पण गंज किती खोल काढायचा आणि थांबायचं कुठे, हे मला कोणी शिकवलेलं नाही. लहानपणापासून ऐकतो की बसच्या कारखान्यात तीनशे माणसांतून तुला रंगखात्यासाठी निवडलं, कारण तुझ्या बोटांना केसाएवढा चढही कळायचा. रस्त्यात जुनी बस दिसली की मी अजून तिच्या पत्र्याकडे बघतो. ही आत्याच्या हाताखालून गेली असेल का, म्हणून.

तुझी पद्धत मला लिहून दे. पहिल्यापासून. काही गाळू नकोस. गाळलेलं ओळखण्याइतकं मला येत नाही.

तुझा,
फूटपट्टी


९ मार्च

अरे फूटपट्टी,

गुडघ्याने नमस्कार स्वीकारला, आशीर्वाद मात्र कुरकुरत दिला. तुझं पत्र ताई मोठ्याने वाचायला निघाली होती, मी हातातून काढून घेतलं. कान गेलेत, डोळे नाही गेले. कॉम्प्रेसरशेजारी अठ्ठावीस वर्षं उभा राहा, मग तुझ्याही कानांचं काय होतं बघ.

गोल काढलेस ते फार बरं केलंस. हसू दे मालकाला. आमच्याकडे डाग मोजणारा एक जरी माणूस असता तरी निम्म्या बसगाड्या अजून धावत असत्या. गंजावर पुट्टी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि खरं सांगू? वरच्या माणसाला "नाही" म्हणायला मला नोकरीत अकरा वर्षं लागली. तू पहिल्याच गाडीला म्हणालास.

आता ऐक. आधी गाडी धू, वाळव, आणि एक दिवस नुसता तिच्याभोवती फीर. गंज उगाच कुठेही लागत नाही, माणूस जिथे राबतं तिथे लागतो. बाईंच्या दाराखालचा पत्रा खाल्लेला असणार, त्या चिखलाच्या बुटांनी चढत असणार. मागच्या दाराची खालची शिवण गेलेली असणार, आतली घाण पाण्याने धुऊन मागे लोटत असणार. बघ आणि कळव.

मग एकेक डाग घे. भोवती चिकटपट्टी लाव, म्हणजे चांगला रंग ओरबाडत नाही. सुटलेला रंग पटाशीने खरवड. वर दिसतो त्याच्या दुप्पट गंज आत निघेल, घाबरू नकोस. तारेचा ब्रश मार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. टण्ण वाजला तर पत्रा जिवंत आहे, बद्द वाजला तर आतून पोखरलाय. जिवंत असेल तर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग दीडशेचा, मग अडीचशेचा. टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे राहतात, त्यांत गंज मारायचं औषध लाव. थिनरच्या कपड्याने पूस.

खरं काम पुढेच आहे. उघड्या पत्र्याच्या कडेला जुना रंग पायरीसारखा उभा राहतो. त्या पायरीचा उतार करायचा, नाहीतर नव्या रंगाखालून ती जन्मभर दिसते. उतार झाला की नाही हे डोळ्यांना विचारू नकोस, डोळे तोंडपुजे असतात. डोळे मीट आणि तीन बोटं उघड्या पत्र्यावरून जुन्या रंगावर हलकेच ने, परत आण. अडखळली तर अजून घास. नाही अडखळली, मनाचं समाधान झालं, की प्रायमर मार.

थांबायचं कुठे विचारतोस? पत्रा चकचकीत दिसला की थांबायचं. तो काही कांदा नाही, सोलत बसायला.

ताई विचारते, जेवतोस का वेळेवर. मी विचारत नाही, मला उत्तर माहीत आहे.

तुझी आत्या


१५ मार्च

आत्या,

बाईंच्या दाराखालचा पत्रा खाल्लेला आहे. मागच्या दाराची शिवण गेलेली आहे. तू टपाल दोन दिवसांनी पोचतं इतक्या लांब बसून हे कसं लिहिलंस, याचा मी चार दिवस विचार करतो आहे.

परवा बाई गाडीतली औषधांची पेटी न्यायला आल्या. उंच आहेत, पांढरे केस मुलासारखे कापलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता पायांकडे बघतात. गुरांची सवय असावी. मी विचारलं, "बाई, तुम्ही चिखलाच्या बुटांनीच चढता ना?"

"कोणी चुगली केली?"

"आमच्या आत्याने."

"ती मला कुठे भेटली?"

"नाही भेटली. गंजावरून ओळखलं."

त्या हसल्या. म्हणाल्या, "माझ्या हाताखाली एक असं माणूस असतं तर अर्ध्या गाई बऱ्या झाल्या असत्या." हे तुला कळवायचं होतं म्हणून शब्द न शब्द लक्षात ठेवला.

आता काम. एकतीसपैकी वीस डाग उघडे केले आहेत. तीन बोटांची परीक्षा रोज करतो. तू लिहिलंस, समाधान झालं की प्रायमर. एकेका डागाचं सुटं समाधान मला होत नाही. म्हणून सगळे डाग उघडे करून, एका दिवशी एकाच उजेडात तपासून, मग सगळीकडे एकदम प्रायमर मारायचं ठरवलं आहे. कामाला धरून आहे ना?

एक अडचण आहे. संध्याकाळी पत्रा चकचकीत असतो आणि सकाळी त्यावर तांबूस खुणा आलेल्या असतात. सगळीकडे नाही. मधोमध कमी, कडेने जास्त. जिथे मी सर्वांत जास्त तपासलं तिथे सर्वांत जास्त. म्हणजे माझ्या हातून तिथेच गंज राहून जातो, असंच ना? मी पुन्हा ऐंशीच्या कागदापासून सुरू करतो. मालक म्हणतात, "तू गेलास की गाडी रडते वाटतं रात्रभर." सगळे हसले. मीही हसलो, पण मला झोप लागली नाही.

माझं काय चुकतं आहे ते कळव.

तुझा,
फूटपट्टी


१८ मार्च

बाळा,

दव पडत असेल. शेडच्या पत्र्याला फटी असतील. घरी जाताना थिनरने पुसून गाडीवर जुनी चादर घाल.

आणि तपासणं जरा आवर.

बाईंचं वाक्य वाचून बरं वाटलं. आज फार लिहवत नाही.

आत्या


२२ मार्च

आत्या,

चादर घातली. थिनरने पुसलं. नीट पुसलं गेलं की नाही ते बोटांनी तपासलं आणि घरी गेलो. सकाळी चादर काढली तर खुणा होत्याच.

"तपासणं आवर" वाचून वाईट वाटलं. पहिले तिन्ही मालक हेच म्हणाले होते. तूही म्हणशील असं वाटलं नव्हतं.

पुढचं मी तीनदा कच्चं लिहून फाडलं. सतरा नंबरचा डाग बाईंच्या दाराखाली आहे. सर्वांत मोठा, म्हणून मी त्याचं सर्वांत जास्त केलं. रोज सकाळी तांबूस, रोज घासला. काल घासताना कागदाचा आवाज बदलला, आणि मग माझं बोट आत गेलं. कोटाच्या बटणाएवढं भोक पडलं. गंजाने नाही, माझ्या घासण्याने. पत्रा तिथे कागदासारखा पातळ झाला होता.

मी तिथेच खाली बसलो. ऊन तिरपं येत होतं. शेजारच्या अठरा नंबरवर सकाळची तांबूस खूण अजून घासायची राहिली होती. त्या उन्हात तिच्यात रेघा दिसल्या. गोल गोल, आत आत जाणाऱ्या, आणि त्यांना कापणारी एक कोरी आडवी रेघ. माझ्या उजव्या मधल्या बोटावर कापल्याचा व्रण आहे, तूच पट्टी बांधली होतीस. मी बोट शेजारी धरलं. तोच व्रण होता.

मग एकेक डाग पाहिला. सगळीकडे मीच होतो. तीन-तीन बोटं, कडेने, तू सांगितलीस तशी. गंज राहत नव्हता, मी लावत होतो. माझे तळवे ओले असतात, तुला माहीत आहे. शाळेत वही भिजायची. काळजी वाटली की जास्त. म्हणजे मी काळजी करतो म्हणून पत्रा गंजतो, आणि गंजला म्हणून मी आणखी काळजी करतो.

मालकांनी भोक पाहिलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "मागून जाळी लाव, वर पुट्टी दाब. बाईंना काय कळतंय? आणि तोंड बंद ठेव. स्वतःची चूक गिऱ्हाइकाला सांगणारं गॅरेज मी अजून बघितलं नाही." आमचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, बहिणीकडे गेला आहे. अठ्ठावीसला येईल.

मला वाटतं मी हे काम सोडावं. ज्याच्या हाताने गंज लागतो त्याने गंज काढू नये. भावाच्या दुकानात कापड मोजायला माणूस हवा आहे. कापड गंजत नाही. सगळ्यांना तुझ्यासारखे हात मिळत नाहीत, आत्या. रागावू नकोस.

तुझा,
फूटपट्टी


२४ मार्च

अरे वेड्या,

कापड मोजायला गेलास तर मी गुडघ्यासकट तिथे येईन आणि भर दुकानातून तुला ओढून आणीन.

तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. "जिथे जास्त तपासलं तिथे जास्त" हे वाचलं आणि समोरचा चहा गार होईपर्यंत बसून राहिले. कळूनही दव लिहिलं. का ते सांगते. हे मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही.

तीनशे माणसांतून मला निवडलं हे खरं. कशासाठी, ते मी घरी बदलून सांगितलं.

मी आधी जोडणीखात्यात होते. चकचकीत घासलेले सुटे भाग हातांनी उचलून बसवायचे. काही भागांवर दोन-चार दिवसांनी तांबूस बोटं उमटायची. कोणाची ते कळेना. मग साहेबांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाला नंबर घातलेली घासलेली पट्टी दिली आणि अंगठा दाबायला लावला. पट्ट्या ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर गोणपाट उचललं. तीनशे पट्ट्या, आणि लालभडक अंगठा एकीवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते असं. अशा हाताला तिथे खारा हात म्हणायचे. घामात मीठ जास्त, बाकी काही नाही. पण वर्षभर मी कोणाला हात लावायला गेले की तो लांब सरकून म्हणायचा, "नको बाई, गंजेन मी!" मला रंगखात्यात टाकलं, कारण त्या धुळीत दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. एवढीच माझी निवड.

तिथे एक म्हातारा पेंटर होता. त्याने काही विचारलं नाही. पातळ सुती हातमोजे पुढे केले आणि म्हणाला, "घाल पोरी, आणि आता पत्र्यावरून हात फिरव." फिरवला. उघड्या बोटांना जो चढ कळला नव्हता तो कपड्यातून कळला. ओली कातडी पत्र्याला चिकटते, कपडा सरकतो, म्हणून. केसाएवढा चढ माझ्या बोटांना कधीच कळला नाही रे. मोज्यांना कळायचा. ते मोजे मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही घरी आणले नाहीत, कामाच्या कपाटातच ठेवले.

तुला सगळं लिहिलं आणि मोजे तेवढे गाळले. मोजे लिहिले असते तर ते का, हेही लिहावं लागलं असतं. वाटलं, याचे हात माझ्यासारखे थोडेच असतील. मग कळलं की आहेत, तर धीर झाला नाही. तू "काही गाळू नकोस" म्हणाला होतास. तेव्हा सतरा नंबरचं भोक अर्धं माझं आहे.

आता काम. थिनरने तेल जातं, मीठ जात नाही. प्रत्येक डाग कोमट साबणाच्या पाण्याने धू, लगेच पूस, गरम हवा मारून कोरडा कर. मोजे घाल. हलका कागद मार, तपास, आणि त्याच तासात प्रायमर. एक डाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. समाधानाची वाट बघत बसू नकोस. ते प्रायमर वाळल्यावर येतं, आधी येत नाही. हेही मी नीट लिहिलं नव्हतं.

भोकाला जाळी नाही. ठिणगी येईपर्यंत थांब आणि पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून घे. आणि बाईंना सांग. न सांगण्याने काय होतं ते माझ्यामुळे तू पाहिलंसच.

पाकीट ताईच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवते, उद्या मिळेल. आत मोज्यांचे दोन जोड आहेत. माझेच, नोकरीच्या शेवटच्या दिवशी लपवून आणलेले, धुतलेले.

आणि एक. माझा अंगठा शोधायला साहेबांना तीनशे पट्ट्या, एक गोणपाट आणि एक रात्र लागली. तू तिरप्या उन्हात बसून आपलं बोट ओळखलंस. रडत असशील, तरी ओळखलंस.

आत्या


३१ मार्च

आत्या,

पाकीट मिळालं. पत्र चार वेळा वाचलं. मग मोजे घातले आणि डोळे मिटून एक नंबरच्या डागावरून हात फिरवला. जो उतार मी बारा दिवस बरोबर समजत होतो त्यात तीन पायऱ्या होत्या. मला हसू आलं. शेडमध्ये एकटा हसत होतो.

तीन दिवसांत तीस डाग झाले. एकेक, धुऊन, वाळवून, त्याच तासात. सकाळी एकही खूण नव्हती. मी प्रत्येक गोल पुसला आणि वहीत त्या नंबरावर रेघ मारली.

राहिला सतरा. सत्तावीस तारखेला बाई आल्या तेव्हा मालक आतल्या बाजूला कोणाशी तरी भांडत होते. मी बाईंना दाराखाली वाकायला सांगितलं आणि बोललो. पाठ करून ठेवलं होतं, तरी तोंडातून उलटसुलट आलं. "हे भोक गंजाने पडलं नाही. माझ्या हाताला मीठ आहे. मी रोज तपासत होतो. घासून घासून मीच पाडलं. जाळी लावून तीसला देता येईल, पण ती टिकणार नाही. ठिगळ लावायचं तर एकतीस उजाडेल."

त्या बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातून जनावरं गेली आहेत. तुझ्या हातून पत्राच गेलाय ना?"

"हो."

"त्या जनावरांच्या मालकांना मी तोंडाने सांगितलं होतं. सोपं नसतं. ठिगळ लाव. पहिल्या दिवशी मी दूधवाल्याच्या टेम्पोतून जाईन. संध्याकाळी गाडी तयार ठेव."

मालक तेवढ्यात बाहेर आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं, भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाई गेल्यावर म्हणाले, "तुला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं." मी म्हणालो, "हो." "तीस तारीख ठरली होती." मी म्हणालो, "हो." मग आत निघून गेले. तेव्हापासून "सोड आता" देखील एकदाही म्हणाले नाहीत. ते ऐकू येत नाही तर शेडमध्ये करमत नाही.

ठिणगी अठ्ठावीसला आला. त्याने ठिगळ इतकं सुरेख बसवलं की मी त्याला म्हणालो, "यावर पुट्टी लावायला जीव होत नाही." तो म्हणाला, "मग लावू नकोस, फ्रेम करून भिंतीवर टांग." त्याच्यावर पुट्टीचा हात कागदाएवढा पातळ लागला. प्रायमर तीन हात, रंग तीन हात. जुनाच रंग, ढगाळ आभाळासारखा. आज संध्याकाळी पाच वाजता बाई गाडी घेऊन गेल्या. दाराशी येऊन थांबल्या, बूट झटकले, मग जाताना म्हणाल्या, "झटकले, तुझ्या आत्याला कळव."

म्हणजे गाडी एक दिवस उशिरा निघाली. "नाही निघाली तर तू निघ," हे मालकांचे शब्द होते. त्यांनी निघ म्हटलेलं नाही, राहा म्हटलेलं नाही. मी विचारलं नाही. उद्या सकाळी नेहमीच्या वेळी जाणार आहे.

तुझा,
फूटपट्टी


४ एप्रिल

फूटपट्टी,

मालक ओरडत नाही म्हणजे विचार करतोय. ओरडणाऱ्या माणसांना दोन्ही एकदम जमत नाही. तू जात राहा. शेड झाड, ब्रश धू, विचारू नकोस.

ठिगळावर कागदाएवढी पुट्टी! माझ्या हाताखाली असल्या तयारीची पोरं दोनच झाली, आणि त्यांना मी समोर उभी राहून शिकवलं होतं. तुला चुकीचं लिहूनही तू बरोबर पोचलास.

काल ताईला सांगितलं. अंगठा, गोणपाट, सगळं. बोलायला सुरुवात करायलाच मला अर्धा तास लागला. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यात काय?" चाळीस वर्षं जपून ठेवलेलं, आणि ही म्हणते त्यात काय. मला आधी राग आला. मग रात्री जेवताना तिच्या ताटात जास्त वाढलं.

कळव.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

मी रोज गेलो. दहा दिवस मालकांनी मला इतरांच्या गाड्या धुवायला दिल्या. पेंटर म्हणून एक माणूस येऊन भेटून गेला, चांगले कपडे घातलेला. मी ब्रश धुतले.

परवा बाई फेरी संपवून आल्या. गाडी खिडक्यांपर्यंत चिखलाने भरलेली. त्यांना चाकांचं काही बघायचं होतं. मी पाण्याचा पाइप घेतला, तर मालकांनी तो माझ्या हातून काढून घेतला. त्यांनी स्वतः बाईंच्या दाराखालचा चिखल धुतला, स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीने पत्रा पुसला आणि गुडघ्यावर बसले. त्यांचं वजन तुला माहीत नाही. ते गुडघ्यावर बसलेले आम्ही कोणी पाहिले नव्हते. बराच वेळ सतरा कुठे होता ते शोधत होते. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून मुठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. सगळीकडे टण्ण. मग मला म्हणाले, "कुठाय रे ते?"

मी बोट दाखवलं, न लावता.

"यांना सांगायची काही गरज नव्हती," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, "होती. दूधवाल्याची दोन गुरं बघायची होती, त्यालाही मी हे सांगितलं. तो त्याचा टेम्पो इकडे पाठवतोय."

टेम्पो काल सकाळी आला. डाग बावन्न आहेत. मालकांनी शेडची किल्ली माझ्यासमोर डब्यावर ठेवली आणि म्हणाले, "एक अट. सहा वाजता मी सोड म्हटलं की सोडायचं. पायरी असो, भोक असो, काही असो."

मी हो म्हणालो. हो म्हणताना तळवे ओले झाले, पण मोजे घातले होते.

काल सहाला ते शेडच्या दारात आले. मी टेम्पोच्या दाराचा तीन नंबरचा डाग करत होतो. उतार झाला होता, फक्त खालच्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची पायरी राहिली होती. "सोड आता," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी ऐकलं. मी त्या पायरीसकट प्रायमर मारला, ब्रश धुतले, कुलूप लावलं आणि घरी गेलो. जेवताना ती पायरी आठवली. झोपताना आठवली. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कुलूप काढलं.

पायरी तेवढीच होती. मी घासून तिचा उतार केला. सात मिनिटं लागली.

तुझा,
फूटपट्टी